जात दाराबाहेर काढून ठेवावी

‘दुःखाला जात नसते’ हे वाक्य मानसिक आरोग्यावरच्या कुठल्याही परिसंवादात हमखास टाळी घेतं. बोलणारा भला माणूस असतो, ऐकणारेही भले असतात, आणि ते वाक्य कानावर पडलं की सगळ्यांनाच आपण जरा मोठ्या मनाचे झाल्यासारखं वाटतं. अडचण एवढीच, की १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये मुक्ता साळवे या मुलीचा निबंध छापून आला. ती जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकत होती आणि तिच्या निबंधाचा विषयच मुळी मांग-महारांचं दुःख हा होता. दुःखाला जात असते हे त्या शाळकरी मुलीला एकशे सत्तर वर्षांपूर्वी कळलेलं होतं. आमच्या परिसंवादांना ते अजून वादग्रस्त वाटतं.

वाद काय आहे ते आधी नीट मांडतो. समुपदेशन मानसशास्त्रातले काही संशोधक, अध्यापक आणि प्रत्यक्ष काम करणारे समुपदेशक गेली काही वर्षं एक मागणी करत आहेत. जात, धर्म, लिंगभाव, लैंगिकता, गरिबी यांचा मनावर काय परिणाम होतो हे समुपदेशकाला अभ्यासक्रमातच शिकवा. त्याबद्दल समोरच्याला विचारायचं कसं, हेही शिकवा. दलित, आदिवासी, भटकी-विमुक्त, मुस्लिम, समलिंगी, ट्रान्सजेंडर माणसं एकदा येतात आणि पुन्हा फिरकत नाहीत, तेव्हा आपलं काय चुकलं याचा शोध घ्या. यावर येणारा आक्षेप असा : समुपदेशकाची खोली ही निदान एक जागा अशी आहे जिथे माणूस नुसता माणूस म्हणून येतो, तिथेही त्याला जातीचा प्रतिनिधी करणार का? समुपदेशकाने तटस्थ राहावं. अन्यायाची भाषा सुरू झाली की माणूस स्वतःला बळी समजू लागतो. शिवाय हे सगळं अमेरिकेतून आणलेलं खूळ आहे. थोडक्यात, चपलांसारखी जात दाराबाहेर काढून ठेवावी आणि मग आत यावं.

हे म्हणणारे दुष्ट नाहीत. पण त्यांचं म्हणणं चुकीचं आहे, आणि ते सामाजिक न्यायाच्या दृष्टीने चुकीचं ठरण्याआधी समुपदेशनाच्या कामाच्या दृष्टीनेच चुकीचं ठरतं.

कसं, ते जवळून पाहू. सीबीटी नावाची उपचारपद्धती आज समुपदेशनात खूप वापरली जाते. तिच्यात एक तक्ता भरायला देतात. पहिल्या रकान्यात प्रसंग, दुसऱ्यात त्या क्षणी मनात आलेला विचार, तिसऱ्यात भावना आणि तिची तीव्रता शंभरपैकी किती, मग त्या विचाराच्या बाजूने काय पुरावा, विरुद्ध काय पुरावा, आणि शेवटी जरा संतुलित असा विचार. तक्ता चांगला आहे. नैराश्यातल्या माणसाला ‘माझं कधीच काही चांगलं होणार नाही’ या वाक्याकडे जरा लांबून बघायला तो शिकवतो. आता समजा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला असलेल्या मुलाने तो भरला. प्रसंग : प्रयोगशाळेत गट पाडायला सांगितले, मला कुणी घेतलं नाही. विचार : माझी प्रवेश परीक्षेतली रँक कळल्यापासून हे मला टाळतात. भावना : लाज, ऐंशी.

समुपदेशकाच्या प्रशिक्षणात विचारांतल्या चुकांची एक यादी असते. दुसऱ्याच्या मनातलं आपल्याला कळतं असं धरून चालणं ही त्यातली एक ठळक चूक. त्यामुळे समुपदेशक त्या मुलाला प्रेमानेच विचारते, ‘ते तुला टाळतात हे तुला कशावरून कळलं? त्यांचे गट आधीच ठरलेले असू शकतील ना?’ मुलगा मान डोलावतो. शेवटच्या रकान्यात लिहितो, ‘कदाचित त्यांचे गट आधीच ठरले असतील.’ भावना : लाज, साठ. कागदावर वीस गुणांची सुधारणा झाली. फाइल बंद.

आणि विचार खरा असेल तर? तर आपण त्या मुलाला एवढंच शिकवलं, की डोळ्यांनी दिसतं त्यावर विश्वास ठेवायचा नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा गट पडतील, पुन्हा तो उभाच राहील, आणि या वेळी त्याला वाटेल की आपण उपचार घेऊनही सुधारत नाही. दोष तक्त्याचा नाही. ‘बाजूने पुरावा’ असाही रकाना त्यात आहेच. रँक विचारण्यामागे जातच विचारलेली असते हे ज्या समुपदेशकाला माहीत आहे, ती तो रकाना मुलाकडून मोकळेपणाने भरून घेईल, आणि मग त्याच पद्धतीतल्या पुढच्या पायरीवर जाईल : विचार बरोबर असेल, तर आता करायचं काय? कुणाशी बोलायचं, कुणाकडे जायचं, सोबतीला कोण आहे? माहितीअभावी तिने ती पायरीच गाळली. याला तटस्थता म्हणायचं असेल तर म्हणा. मी निदान चुकलं म्हणेन.

आपल्याकडे जात कुणी थेट विचारत नाही. ‘पूर्ण नाव काय?’, ‘मूळ गाव कुठलं?’, ‘वडील कशात आहेत?’, ‘कितीला क्लोज झालं तुमचं?’ एवढ्यावर भागतं. महाराष्ट्रात वाढलेल्या प्रत्येकाला हे प्रश्न कशासाठी असतात ते कळतं. लग्नाचा बायोडेटा हातात आला की समुपदेशकालाही कळतं. फक्त खुर्चीत बसल्यावर कळेनासं होतं, हा एक चमत्कारच म्हणायचा.

तटस्थतेबद्दल आणखी थोडं. १८५१ मध्ये अमेरिकेच्या दक्षिणेत सॅम्युअल कार्टराइट नावाच्या डॉक्टरने एक नवा आजार शोधून काढला. नाव दिलं ड्रेपेटोमेनिया. लक्षण एकच : गुलाम मालकाकडून पळून जातो. कार्टराइट स्वतःला शास्त्राचाच माणूस समजत होता. उदाहरण टोकाचं आहे, मान्य. आजचा कुठलाही समुपदेशक असं काही करत नाही. पण चुकीची रीत तीच आहे. परिस्थिती चौकटीबाहेर ठेवली की चौकटीत एकटा माणूस उरतो, आणि जे काही बिघडलंय ते त्याच्यातच बिघडलंय असं दिसायला लागतं. आत्मविश्वास कमी, मिसळत नाही, संवेदनशील जास्त, ताण सहन होत नाही. नोंदवहीतली ही विशेषणं निरुपद्रवी दिसतात. कुणाच्या नोंदीत ती वारंवार येतात हे मात्र कुणी मोजत नाही.

याच्या उलट उदाहरण भारतातलंच आहे आणि मला ते फार आवडतं. २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयात दोन तरुण मुलींची याचिका आली. दोघी जोडीदार होत्या आणि घरच्यांपासून व पोलिसांच्या त्रासापासून संरक्षण मागत होत्या. न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांनी आदेशात प्रांजळपणे नमूद केलं, की हा विषय आपल्याला पुरेसा कळलेला नाही. मग ते स्वतः एका मानसतज्ज्ञाकडे बसले, समजून घेतलं, आणि त्यानंतर जून २०२१ मध्ये आदेश दिला. लैंगिकता ‘बदलण्याचे’ उपचार करण्यावर त्यात बंदी घातली. न्यायाधीशाइतकी तटस्थतेची सक्ती दुसऱ्या कुठल्या व्यवसायात नसेल. न्यायमूर्तींची तटस्थता मानसतज्ज्ञासमोर बसून शिकल्याने बिघडली नाही, आणि समुपदेशकाची मात्र एका पाठ्यक्रमाने बिघडेल, ही भीती कुठून आली?

आता ते अमेरिकी खूळ. इलान मायर या अमेरिकेतल्या संशोधकाने २००३ मध्ये समलिंगी माणसांच्या मनावरच्या जादा ताणाची मांडणी केली. अपमान प्रत्यक्ष घडतो तो एक ताण, तो पुन्हा कधीही घडेल म्हणून सतत सावध राहण्याचा दुसरा, ओळख लपवण्याचा तिसरा, आणि लोकांची आपल्याबद्दलची तुच्छता हळूहळू आपल्यालाच पटू लागण्याचा चौथा. ही मांडणी अमेरिकेत झाली, खरं आहे. पण ‘बलुतं’ (१९७८), ‘उपरा’ (१९८०), ‘अक्करमाशी’ (१९८४), ‘आयदान’ (२००३) ही आत्मकथनं वाचलेल्या मराठी वाचकाला यात अनोळखी काय आहे? पाश्चात्त्य नियतकालिकांनी संज्ञा दिल्या. त्या संज्ञांखालचा तपशील मराठीत एवढा साठलेला आहे की मानसशास्त्राच्या विभागांना दहा वर्षं पुरावा. त्या विभागांच्या वाचनयादीत ही पुस्तकं क्वचितच असतात, हा वेगळा विषय. आणि परदेशी म्हणून हरकत घ्यायचीच असेल तर ती सगळ्यालाच घ्या. सीबीटी फिलाडेल्फियाच्या ॲरन बेक यांची. ती आली तेव्हा कुणाला भारतीय संस्कृतीची आठवण झाल्याचं ऐकिवात नाही.

बळीपणाच्या मुद्द्यात थोडा दम आहे, म्हणून त्याला जरा जास्त वेळ देतो. भेदभावाचं नाव घेतलं की माणूस हातपाय गाळतो, असं गृहीत धरलं जातं. वस्तुस्थिती बहुतेक वेळा उलटी असते. कारण बाहेर आहे हे कळलं नाही, तर कारण आपणच आहोत असं माणूस धरून चालतो, आणि हातपाय गळतात ते त्याने. परदेशातून शिकून आलेल्या बाबासाहेबांना १९१७ मध्ये बडोद्याच्या पारशी वसतिगृहातून बाहेर काढण्यात आलं. तो प्रसंग त्यांनी स्वतः तपशीलवार लिहून ठेवला आहे. तो लिहिल्याने ते खचले, असं म्हणायची कुणाची छाती आहे?

मात्र एक धोका खरा आहे. दलित विद्यार्थी समोर बसला की त्याच्या प्रत्येक तक्रारीत जातच शोधणारा समुपदेशक तितकाच बेकार. मुलाचं प्रेम मोडलेलं असू शकतं. त्याला दिवसातून पन्नास वेळा हात धुण्याचा आजार असू शकतो, आणि त्याला तेव्हा त्या आजारावरचे उपचार हवे असतात, व्यवस्थेवरचं व्याख्यान नको असतं. एखाद्याला जातीबद्दल बोलायचंच नसेल तर न बोलण्याचा त्याचा हक्क आहे. विचारण्यात आणि लादण्यात फरक आहे. तो फरक सांभाळता येणं हे कौशल्य आहे, आणि कौशल्य शिकवावं लागतं. संशोधक नेमकं तेच म्हणत आहेत.

‘जात नव्हे, अभ्यास झेपला नाही’ हा युक्तिवाद तर आता सरकारी छापाचा झाला आहे. १२ फेब्रुवारी २०२३ रोजी आयआयटी मुंबईत पहिल्या वर्षाच्या दर्शन सोलंकी या दलित विद्यार्थ्याचा मृत्यू झाला. थेट जातीय भेदभावाचा विशिष्ट पुरावा मिळाला नाही, असं संस्थेच्या समितीने म्हटलं आणि घसरलेल्या शैक्षणिक कामगिरीकडे बोट दाखवलं. कुटुंबाने ते मान्य केलं नाही. त्या प्रकरणाचा निवाडा मी करणार नाही. ते माझं काम नाही. प्रश्न त्या विभागणीचा आहे. जात एका डब्यात आणि अभ्यास दुसऱ्या डब्यात, अशी वाटणी करता येते का? रँकवरून टोमणा ऐकलेला मुलगा वर्गात शंका विचारायचं बंद करतो. शंका न विचारल्याने मागे पडतो. मागे पडल्यावर सरांकडे जायचं टाळतो. मग गुण घसरतात, आणि घसरलेले गुण तेवढे नोंदीत सापडतात. दिल्लीच्या एम्समधल्या तक्रारींची चौकशी सुखदेव थोरात यांच्या समितीने केली होती. तिचा २००७ चा अहवाल याच साखळीबद्दल आहे. सर्वेक्षणातल्या अनुसूचित जाती-जमातींच्या ६९ टक्के विद्यार्थ्यांनी शिक्षकांकडून पुरेशी मदत मिळत नसल्याचं सांगितलं. ८४ टक्क्यांनी सांगितलं, की मूल्यमापनाच्या वेळी परीक्षकांनी थेट किंवा आडून जात विचारली होती. तोंडी परीक्षेत जात विचारल्यावर मिळालेले गुण ‘शैक्षणिक कामगिरी’ या रकान्यात जातात. जातीचा रकाना रिकामाच राहतो.

आकड्यांबाबत आपल्या बाजूनेही हातचलाखी नको. २०१४ ते २०२१ या काळात केंद्रीय उच्च शिक्षणसंस्थांत १२२ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि त्यांत २४ अनुसूचित जातींचे, ३ जमातींचे आणि ४१ ओबीसी होते, अशी माहिती शिक्षणमंत्र्यांनी लोकसभेत दिली होती. सभांमध्ये हा आकडा पुराव्यासारखा फेकला जातो. पण १२२ पैकी ६८ म्हणजे छप्पन टक्के होतात, आणि या तीन गटांसाठी आरक्षित जागाच साडेएकोणपन्नास टक्के आहेत. एवढ्या फरकावरून कुठला प्रामाणिक संशोधक छातीठोक निष्कर्ष काढणार नाही. उलट यातून एक वेगळीच गरज दिसते. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या वार्षिक अहवालात आत्महत्यांची वर्गवारी शिक्षण, व्यवसाय, उत्पन्न, वैवाहिक स्थिती अशी छापली जाते. जातीचा तक्ता नसतो. २०१५-१६ चं राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण बारा राज्यांत झालं आणि त्यांत महाराष्ट्र नव्हता. आधी मोजायचं नाही, आणि मग ‘पुरावा कुठे आहे?’ म्हणून विचारायचं, असा हा शिरस्ता आहे.

एक आक्षेप उलट्या दिशेनेही येतो. चळवळीतले माझे मित्र म्हणतात, समुपदेशन म्हणजे अन्यायाशी जुळवून घ्यायला शिकवणं; माणसाला श्वासाचे व्यायाम नकोत, न्याय हवा. पायल तडवी प्रकरणाकडे बोट दाखवून ते विचारतात, की तिथे समुपदेशकाने काय केलं असतं? मुंबईत स्त्रीरोगशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण घेणारी ही आदिवासी डॉक्टर मे २०१९ मध्ये गेली. वरिष्ठांनी जातीवरून छळल्याचा आरोप झाला, प्रकरण न्यायालयात गेलं. माझ्या मित्रांचा राग मला समजतो. भेदभावाची तक्रार आली की चौकशीऐवजी ‘वेलनेस सेंटर’ उघडायचं, ही संस्थांची युक्ती आता सगळ्यांना पाठ झाली आहे. पण खटल्याचा निकाल लागेपर्यंत आजची रात्र काढायची असते. ती एकट्याने काढायला सांगणं ही क्रांती नव्हे.

न्याय की उपचार, ही निवड करावीच लागते असंही नाही. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात ‘आत्मीयता’ नावाचा उपक्रम सुरू झाला. पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयातलं मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्र त्यामागे आहे. गावातल्याच माणसांना ऐकायला आणि साधं समुपदेशन करायला शिकवलं जातं, आणि तीच माणसं निराधार योजनेसारख्या हक्काच्या लाभांपर्यंत पोहोचायलाही मदत करतात. विधवेला झोप लागत नाही याचं एक कारण मन असतं आणि दुसरं कारण तलाठ्याकडे अडकलेला कागद असतो, हे तिथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने गावातल्याच कार्यकर्त्यांना हाताशी धरून काम केलं. नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. गोव्यात ‘संगथ’ने मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक समुपदेशकांकडून नैराश्यावर परिणामकारक उपचार करवून दाखवले. पुण्याच्या वस्त्यांत बापू ट्रस्टचं काम वर्षानुवर्षं चाललेलं आहे. ही कामं उभी करणाऱ्यांत संशोधक आहेत, आणि परिस्थिती दाराबाहेर ठेवा असं त्यांच्यापैकी कुणी म्हटलेलं नाही.

संशोधकांना मी सोवळं मानत नाही. वसतिगृहात येऊन प्रश्नावल्या भरून घ्यायच्या, ‘शोषितांची लवचिकता’ वगैरे निबंध छापायचा आणि पुन्हा तोंड दाखवायचं नाही, असे खूप आहेत. इंग्रजी मापनपट्ट्यांची कच्ची भाषांतरं हा तर स्वतंत्र विनोद आहे. ‘मला निळसर वाटतं’ अशा धाटणीचं विधान आदिवासी मुलीपुढे ठेवून तिचं नैराश्य मोजायचं. समुपदेशक कुठल्या समाजांतून येतात, महागड्या अभ्यासक्रमांना कोण जाऊ शकतं, हे प्रश्नही त्यांनी स्वतःच्या विभागांना विचारायला हवेत. द ब्लू डॉनसारख्या बहुजनांनी बहुजनांसाठी उभ्या केलेल्या गटांना मागणी का आहे, याचं उत्तर तिथेच मिळेल.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम १८ ने सेवा देताना जात, धर्म, लिंग, लैंगिक कल, वर्ग, अपंगत्व यांवरून भेदभाव करायला मनाई केली आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेला किमान एक पात्र समुपदेशक, मानसतज्ज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमायला सांगितलं. त्याच निर्देशांत वंचित समाजांतल्या विद्यार्थ्यांशी संवेदनशीलतेने व भेदभाव न करता वागण्याचं प्रशिक्षण कर्मचाऱ्यांना द्या, असंही आहे. म्हणजे ज्याला ‘राजकारण’ म्हणून झिडकारलं जातं ते आता न्यायालयाच्या निर्देशांत आलं आहे. समुपदेशक नेमण्याचा निर्देश संस्था घाईघाईने पाळतील. पाटी लागेल, दोन खुर्च्या येतील, टिश्यूचा डबा येईल. मुलगा आत येऊन आधी विचारेल, ‘हे विभागप्रमुखांना कळेल का?’ समुपदेशकाचा पगार त्याच संस्थेकडून येतो, त्यामुळे त्याचा प्रश्न अगदी रास्त आहे, आणि त्याचं लेखी उत्तर आधीच तयार असायला हवं.

जागा भरल्या की नाही हे तपासणारे पुष्कळ निघतील. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या विनियमांनी समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी नेमायला सांगितलं होतं. हा अधिकारी म्हणजे संस्थेतलाच एखादा प्राध्यापक असतो. तुमच्या महाविद्यालयात तो कोण, तो कुठे बसतो, विद्यार्थ्याच्या संमतीने त्याच्याकडे प्रकरण कसं पाठवायचं आणि विद्यार्थी नको म्हणाला तर काय करायचं, हे समुपदेशकपदाच्या उमेदवाराला मुलाखतीत विचारणारी निवड समिती मला अजून पाहायची आहे.